अपघात दाखवता, कारण कधी विचारणार?

मराठी वृत्तवाहिन्या आणि वृत्तपत्रांचे संपादक, वृत्तसंपादक आणि बातमीदार यांस,



२१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या विमान प्रदर्शनात ‘तेजस’ कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. त्या संध्याकाळी एका मराठी वाहिनीवर दुबईच्या दृश्यांमागोमाग दुसरीच एक चित्रफीत फिरत होती. आकाशात दोन विमानं, ज्वाळा, गरगरत खाली येणारे अवशेष, बाजूला पॅराशूट. खालची पट्टी तेजसचीच होती. चित्रफीत मात्र १९ फेब्रुवारी २०१९ ची, बंगळुरूजवळच्या येलहंका तळावरची. त्यावर तारीख नव्हती, ठिकाण नव्हतं, त्या दिवशी गेलेल्या वैमानिकाचं नाव नव्हतं. पावणेसात वर्षांत त्या अपघाताविषयी आपल्या माध्यमांनी जपून ठेवलं ते एवढंच.

ही तक्रार त्या एका वाहिनीपुरती नाही, म्हणून तिचं नाव लिहीत नाही. हे पत्र तुम्हां सगळ्यांना आहे.

आधी घटना नीट सांगतो, कारण ती बहुतेकांना अर्धवटच आठवते. २० फेब्रुवारी २०१९ पासून येलहंक्याला ‘एअरो इंडिया’ हे विमान प्रदर्शन भरणार होतं. आदल्या दिवशी वायुसेनेच्या ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरतींच्या चमूचा सराव चालू होता. दुपारी बाराच्या सुमारास चमूतली दोन हॉक विमानं हवेत एकमेकांना धडकली. दोन विमानांत मिळून तिघे वैमानिक होते. दोघे इजेक्ट होऊन वाचले. विंग कमांडर साहिल गांधी गेले. अवशेष वस्तीजवळ पडले.

मी वैमानिक नव्हतो. इजेक्शन सीटची देखभाल करणाऱ्यांत माझी वायुसेनेतली नोकरी झाली. सूर्यकिरणशी माझा थेट संबंध कधी आला नाही. पण विमान निघण्याआधी शेवटचा हात ज्यांचा लागतो त्यांच्यात मी होतो, आणि ते परत येईपर्यंत टारमॅकवर डोळे लावून उभं राहणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

पहिली तक्रार चित्रफितीचीच. ती दाखवूच नका असं मी म्हणणार नाही. लोकांच्या पैशाने उडणारी विमानं लोकांच्या डोक्यावर धडकली, तर लोकांना ते दिसलं पाहिजे. प्रश्न आहे तो दाखवण्याच्या रीतीचा. वेग कमी करायचा, लाल वर्तुळ काढायचं, मागे धडकी भरवणारं संगीत लावायचं आणि निवेदकाचं बोलणं चालू असेपर्यंत धडकेचा तोच क्षण पुन्हा पुन्हा फिरवायचा. त्या क्षणी तिथे एक माणूस मरतो आहे, याची जाणीव त्या मांडणीत कुठे असते?

चमूत हेच काम कसं चालतं ते ऐका. प्रात्यक्षिकं करणारे चमू आपलं उड्डाण जमिनीवरून चित्रित करतात. विमानं उतरली की सगळे वैमानिक एका खोलीत बसून ती फीत बघतात. हे डीब्रीफिंग. फीत थांबवतात, मागे नेतात, पुन्हा लावतात, आणि शोधत असतात ते एकच: कोण कुठे असायला हवा होता आणि प्रत्यक्षात कुठे होता. तीन नंबर दोन हात मागे राहिला. पाच नंबर वळताना आत सरकला. ज्याचं चुकलं तो आपण होऊन बोलतो. हुद्द्याने धाकटा असलेला अधिकारीही तिथे लीडरला सांगू शकतो, की सर, आजचं वळण फार आवळलेलं होतं. फीत तुम्हीही मागे-पुढे करता आणि तेही करतात, पण ते कारणासाठी करतात.

दुसरी तक्रार याहून मोठी आहे. सूर्यकिरणची नऊ विमानं एकमेकांना खेटून उडतात ती कशी, हे आपल्या वाचक-प्रेक्षकांना कुणी कधी समजावून सांगितलंच नाही. जानेवारी २०२४ मध्ये सूर्यकिरण मरीन ड्राइव्हवर उडाले तेव्हा समुद्राकाठी किती गर्दी लोटली होती, ते तुम्ही दाखवलंत. तिरंगी धूर दाखवलात, लहान मुलांच्या प्रतिक्रिया घेतल्यात. त्या गर्दीतल्या किती जणांना आपण काय बघतो आहोत ते कळलं?

या चमूच्या विमानांमधलं अंतर काही रचनांमध्ये पाच मीटरच्याही आत येतं. उभ्या एसटीच्या निम्म्या लांबीहूनही कमी. ताशी ५०० किलोमीटर वेगाचं विमान एका सेकंदात सुमारे १३९ मीटर कापतं. दोघांचा वेग तंतोतंत सारखा असेपर्यंत हा आकडा निरुपद्रवी असतो. घात करतो तो फरक. शेजारच्यापेक्षा ताशी फक्त दहा किलोमीटर वेग जास्त झाला, की सेकंदाला पावणेतीन मीटर अंतर मिटतं. पाच मीटर संपायला दोन सेकंदही लागत नाहीत. आणि समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडणारी जोडी असेल, तर तीच विमानं एकमेकांकडे सेकंदाला पाव किलोमीटरहून अधिक वेगाने येत असतात.

अशा वेळी लीडरच्या शेजारी उडणारा विंगमन बघतो कुठे? क्षितिजाकडे नाही, जमिनीकडे नाही, समोरच्या मापकांकडेही क्वचितच. त्याची नजर लीडरच्या विमानावर खिळलेली असते. त्या विमानावरच्या दोन ठरावीक खुणा, समजा पंखाचं टोक आणि धडावरचं एखादं चिन्ह, त्याला एका रेषेत दिसल्या म्हणजे तो आपल्या जागी आहे. रेष मोडायला लागली की थ्रॉटल केसभर पुढे किंवा मागे, स्टिक केसभर इकडे किंवा तिकडे. हात क्षणभरही थांबत नाही. विमान पालथं झालं, लूपच्या माथ्यावर पोचलं, अंगावर कित्येक पट वजन आलं, तरी नजर तिथेच. लीडर आकाश बघतो आणि बाकीचे लीडरला बघतात. या विश्वासावर सगळी रचना उभी असते.

तो विश्वास किती संपूर्ण असतो, ते १८ जानेवारी १९८२ ला अमेरिकेत दिसलं. ‘थंडरबर्ड्स’ चमूची चार टी-३८ विमानं नेवाडाच्या वाळवंटावर एका आडव्या ओळीत लूपचा सराव करत होती. लूप पुरा झालाच नाही. चारही विमानं जवळजवळ एकाच क्षणी जमिनीवर आदळली आणि चौघेही वैमानिक गेले. अमेरिकी वायुसेनेच्या चौकशीत निष्कर्ष निघाला, की लीडरच्या विमानातली मागच्या स्टॅबिलायझरची यंत्रणा अडकली होती आणि त्याला नाक वेळेत वर घेता आलं नाही. बाकी तिघांनी आपलं काम चोख केलं होतं. ते लीडरकडे बघत राहिले. आपल्याकडे हा अपघात झाला असता, तर त्या रात्रीच्या चर्चेत ‘चौघांचाही अंदाज चुकला’ असं कुणीतरी ठासून सांगितलं असतं आणि सकाळी तोच मथळा झाला असता.

आता माझ्या कामाच्या जवळची गोष्ट. ‘दोघांनी उड्या मारल्याने ते बचावले’ एवढ्यावर तुम्ही मोकळे होता. इजेक्शन सीटमध्ये स्फोटकं भरलेली असतात. विमान उभं असताना ती चुकून उडू नयेत म्हणून सीटला सेफ्टी पिना लावलेल्या असतात, प्रत्येकीला लाल पट्टी. वैमानिक आत बसतो, पट्टे आवळले जातात, मग पिन काढायची, त्याला दाखवायची, त्याने मान हलवली की तिच्या खोबणीत खोचायची. पुन्हा एकदा मोजायच्या. सगळ्या जागेवर आहेत याची खात्री झाली की शिडी काढायची. त्यानंतर कॅनोपी मिटते आणि माणूस आपला राहत नाही. पिन काढून दाखवताना त्याच्या डोळ्यांकडे बघायची आम्हां सगळ्यांनाच सवय होती. कुणी ती लावली नव्हती.

हँडल ओढल्यावर काय होतं? हॉकच्या कॅनोपीत स्फोटक दोरी बसवलेली असते. ती आधी फुटते आणि डोक्यावरचं आवरण चुरा होऊन उडतं. लगेच सीट रुळावरून वर फेकली जाते. हे सगळं पुरतं कळायच्या आत होतं. त्या धक्क्यात पाठीचा कणा असा दबतो, की मणके मोडलेले वैमानिक मी पाहिले आहेत. पुढे कित्येक महिने उपचार, मग बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेत तपासण्या, आणि त्यानंतर ठरतं की हा माणूस पुन्हा लढाऊ विमानात बसू शकेल की नाही. शिवाय ज्याच्याबरोबर सकाळी नाश्ता केला तो सोबती त्याच दिवशी गेलेला असतो. वाचलेल्यांची बातमी खरं तर इथून सुरू होते. त्यासाठी त्यांच्या दारात माइक घेऊन उभं राहायची गरज नाही. इजेक्शनविषयी लिहिता येतं, डॉक्टरांशी बोलता येतं, बरे होऊन पुन्हा उडालेल्या जुन्या वैमानिकांशी बोलता येतं.

कारण सांगायची घाई हा आपल्याकडचा जुना रोग आहे. अपघाताला तास उलटायच्या आत दोनपैकी एक निकाल लागतो: वैमानिकाची चूक किंवा विमानं खटारा. येलहंक्याच्या वेळी दुसऱ्या निकालाला काहीच आधार नव्हता. हॉक २००८ पासून वायुसेनेत आहे, प्रशिक्षणासाठी रोज उडतं, आणि मिग-२१ ची विशेषणं त्याला चिकटवण्यात अर्थ नाही. पहिला निकाल खरा असेल किंवा नसेल. पण ‘चूक’ म्हटलं की विचार थांबतो, आणि अपघाताचा तपास तर नेमका तिथून पुढे करायचा असतो. कसरतींचा क्रम ऐनवेळी बदलला होता का? आठवड्यात किती सराव झाले होते? त्या वेळी सूर्य कुणाच्या डोळ्यांवर होता? चमूचं घर असलेल्या बिदरच्या रोजच्या आकाशातून येलहंक्याच्या आकाशात आल्यावर जमिनीवरच्या खुणा बदलतात, त्यांची सवय व्हायला किती दिवस मिळाले? रेडिओवर कोण काय म्हणालं? यांतला एकही प्रश्न गुप्त नाही, एकही अवघड नाही, आणि यांतला एकही मला तेव्हा कुठे छापलेला दिसला नाही.

जगभरचे अपघात शेजारी ठेवले, तर विचारण्यासारखं आणखी एक दिसतं. १६ ऑगस्ट २००९ ला मॉस्कोजवळ झुकोव्स्कीला ‘रशियन नाइट्स’ चमूची दोन सुखोई विमानं सरावात धडकली आणि चमूचे प्रमुख इगर त्काचेंको गेले. मोठं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. येलहंक्याला ते एका दिवसावर होतं. २५ मार्च २०२५ ला फ्रान्सच्या ‘पात्रुय द फ्रान्स’ची दोन अल्फा जेट विमानं सॅं-दिझिएजवळ सरावातच धडकली, सुदैवाने तिथे तिघेही इजेक्ट होऊन वाचले. प्रेक्षकांसमोरच्या दिवसापेक्षा सरावाचा दिवस जास्त धोक्याचा असतो का? असेल, तर प्रदर्शनाच्या तोंडावर, नव्या जागेवर, वेळापत्रकाच्या धाकात किती सराव करावा याला काही मर्यादा हवी का? मी याचं उत्तर देणार नाही, कारण दोन-तीन घटनांवरून नियम बांधता येत नाही. बातमीदाराने मात्र हे विचारायला हवं होतं.

कारण वगळायची ही सवय अपघातापुरती नाही. एअरो इंडिया जवळ आलं की येलहंका तळाच्या आसपासच्या काही किलोमीटरांत मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश बंगळुरूची महापालिका काढत आली आहे. आपल्याकडे ती बातमी गंमत म्हणून किंवा खाण्यावरचा वाद म्हणून येते. उघड्यावर टाकलेल्या मांसावर घारी येतात आणि एक घार इंजिनात गेली तर विमान पडू शकतं, हे त्या बातमीतलं खरं वाक्य. तेच वगळलं जातं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. तुम्ही परत जात नाही.

त्या फेब्रुवारीत बातम्यांचा लोंढा होता, हे मला मान्य आहे. १४ तारखेला पुलवामा, १९ ला येलहंका, २६ ला बालाकोट. २७ ला श्रीनगरजवळ बडगामला वायुसेनेचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं आणि आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. त्या गदारोळात साहिल गांधींचं नाव आठवड्याभरात मागे पडलं, याबद्दल मी कुणालाही दोष देणार नाही. पण मार्च आला, एप्रिल आला, पुढचं वर्ष आलं. वायुसेनेने कोर्ट ऑफ एन्क्वायरी बसवली होती, ते तुम्हीच सांगितलं होतं. तिचं काय झालं?

विचारलं की उत्तर मिळतं, याचा दाखला त्याच महिन्यातल्या अपघाताचा आहे. बडगामचं हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही आमची मोठी चूक होती, असं तेव्हाचे वायुसेनाप्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये पत्रकार परिषदेत स्वतः मान्य केलं. काही पत्रकार महिनोन्महिने त्या अपघाताच्या मागे लागले होते. निनाद यांना नाशिकमध्ये निरोप दिला गेला तो तुम्ही घराघरांत पोचवलात. ती कबुली तितक्याच घरांत पोचली का, हे तुमचं तुम्हीच तपासून बघा.

गोव्याच्या संपादकांना तर मला वेगळं विचारायचं आहे. १ ऑक्टोबर २००२ ला नौदलाच्या एका स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवी उड्डाणात दोन आयएल-३८ विमानं दाबोळीजवळ एकमेकांना धडकली. दोन्ही विमानांतले १२ जण गेले, खाली जमिनीवरचे लोकही गेले. नौदलाचा ‘सागर पवन’ हा कसरतींचा चमू गोव्याचाच. ३ मार्च २०१० ला हैदराबादला प्रात्यक्षिकात त्याचं एक विमान इमारतीवर कोसळलं, दोन अधिकारी गेले आणि चमूची प्रात्यक्षिकं थांबली. हे तुमच्या अंगणातलं आहे. वास्कोतल्या किती तरुण वाचकांना ते माहीत आहे?

डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांतल्या वायुसेनेच्या ३४ अपघातांची माहिती त्यात आहे. २०१८-१९ या एकाच वर्षात ११ अपघात. येलहंका याच वर्षातलं. बातमी झाली ती जनरल बिपिन रावत यांच्या कोसळलेल्या हेलिकॉप्टरची, कारण त्यापुढे ‘मानवी चूक’ असं लिहिलेलं होतं. हे दोन शब्द आपल्या सगळ्यांना पुरले. चौदा माणसं गेलेल्या अपघाताचं कारण दोन शब्दांत कसं मावतं, कुणाची चूक, कोणत्या परिस्थितीत, आणि त्यानंतर काय बदललं, हे पुढचे प्रश्न त्या दिवशीही राहून गेले.

तुम्ही म्हणाल, सैन्याच्या गोष्टी गुप्त असतात. युद्धातल्या गोष्टी असाव्यातच, याबद्दल माझ्याइतकं आग्रही कुणी नसेल. पण सूर्यकिरणचं सगळं अस्तित्वच लोकांना दाखवण्यासाठी आहे. भर दिवसा, हजारो कॅमेऱ्यांसमोर, शस्त्रं न लावता उडणाऱ्या विमानांच्या धडकेत लपवण्यासारखं काय असतं? ब्रिटनमध्ये ‘रेड अ‍ॅरोज’ या कसरतींच्या चमूच्या अपघातांचे चौकशी अहवाल लोकांसमोर ठेवले जातात. त्यांचे फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम ८ नोव्हेंबर २०११ ला उभ्या हॉक विमानात असताना इजेक्शन सीट अचानक उडाली आणि पॅराशूट उघडलं नाही. पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या जोडातला एक नट-बोल्ट प्रमाणाबाहेर आवळलेला होता. हे बाहेर आलं, न्यायालयात गेलं, आणि २०१८ मध्ये सीट बनवणाऱ्या मार्टिन-बेकर कंपनीला ११ लाख पौंडांचा दंड झाला. सहा वर्षांनी निकाल लागला तेव्हा तो ऐकायला आणि छापायला तिथे बातमीदार हजर होते. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने आयुष्यभर असेच नट-बोल्ट हाताळले, त्या एका बातमीतून जे शिकायला मिळालं ते आपल्याकडच्या शंभर श्रद्धांजल्यांतून मिळालं नाही.

श्रद्धांजली वाहू नका असं नाही. ‘हुतात्मा’, ‘बलिदान’ हे शब्द घरच्यांना आधार देतात, ते मी पाहिलं आहे. पण त्या शब्दांनी बातमी बंद होते. सरावात गेलेला माणूस शत्रूच्या गोळीने गेलेला नसतो. तो का गेला हे कळलं, तर त्याच जागी उद्या उडणारा दुसरा वाचू शकतो. आणि एक विनंती हात जोडून: घरी अधिकृत निरोप पोचेपर्यंत नाव दाखवू नका. बायकोला, आईला पट्टीवरून कळणं यासारखी क्रूर गोष्ट नाही. एवढं थांबण्यात कुणाचं नुकसान होत नाही.

असे चमू असावेत की नसावेत, हाही प्रश्न तुम्ही अपघाताच्या रात्रीच विचारता आणि आठवड्यात विसरता. तो शांत दिवशी विचारा, कारण त्यात खरंच विचारण्यासारखं आहे. सूर्यकिरण १९९६ मध्ये किरण विमानांवर सुरू झाला. २००६ आणि २००९ मध्ये बिदरजवळ त्याची विमानं पडली, तीन वैमानिक गेले. २०११ मध्ये चमूच थांबवला गेला, आणि त्याचं कारण अपघात नव्हतं. नव्या वैमानिकांना शिकवणारी एचपीटी-३२ विमानं २००९ मध्ये जमिनीवर बसवावी लागली होती, शिकवायला किरण विमानं हवी होती, म्हणून कसरती बंद झाल्या. २०१५ मध्ये हॉक विमानं घेऊन चमू पुन्हा उभा राहिला. म्हणजे प्रशिक्षणाला विमानं कमी पडली की काय आधी थांबवायचं, याचा निर्णय देशाने एकदा घेतलेला आहे. यावर मराठीत सविस्तर लेख का नसावा? माझं स्वतःचं मत चमूच्या बाजूने आहे. अशा उड्डाणातून जी शिस्त येते ती दुसरीकडून येत नाही, आणि मरीन ड्राइव्हवर मान वर करून बघणाऱ्या एखाद्या मुलीला त्या दिवशी आपली वाट सापडते. पण माझं मत चुकीचं ठरवायला तरी कुणी आकडे घेऊन यावं.

त्यासाठी दूर जायचं नाही. सूर्यकिरणचं घर बिदरला आहे. हा जिल्हा लातूर-नांदेडला लागून आहे, तिथे मराठी बोलणारी असंख्य कुटुंबं राहतात. तुमच्या लातूर आवृत्तीचा बातमीदार सकाळी निघाला तर दुपारच्या आत पोचेल. वायुसेनेची रीतसर परवानगी काढून, अपघात नसलेल्या एखाद्या दिवशी त्याला तिथे पाठवा. डीब्रीफिंगच्या खोलीत बसू देतील की नाही माहीत नाही, पण टारमॅकवर उभं राहून विमानं मोजायला नक्की मिळेल. निघालेली विमानं आणि परतलेली विमानं मोजली, की पुढच्या वेळी त्याच्या हातून वेगळी बातमी लिहिली जाईल.

तुमच्याकडे माणसं कमी आहेत, संरक्षण हा विषय दिल्लीच्या माणसाकडे असतो, मराठी माध्यमांना मुख्यालयात कुणी फारसं विचारत नाही, हे सगळं मला कळतं. म्हणून मागण्या लहान ठेवतो. जुनी चित्रफीत लावली की तिच्यावर तारीख, ठिकाण आणि गेलेल्याचं नाव टाका. पहिल्या दिवशी कारण सांगू नका, प्रश्न सांगा. अपघाताला सहा महिने झाले आणि वर्ष झालं की त्या बातमीकडे परत जायची नोंद तुमच्या वहीत आजच करून ठेवा. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. त्यांतल्या एकाला प्रश्न विचारायला लावणं तुम्हांला अवघड नाही.

आणि सुरुवात येलहंक्यापासून करा. १९ फेब्रुवारी २०१९ च्या धडकेच्या चौकशीत काय निघालं आणि त्यानंतर सरावाच्या पद्धतीत काय बदललं, एवढे दोन प्रश्न वायुसेनेच्या मुख्यालयाला लेखी विचारा. उत्तर आलं तर ते छापा. ठरलेल्या मुदतीत आलं नाही, तर उत्तर आलं नाही ही बातमी पहिल्या पानावर छापा.



आपला,
एक निवृत्त वायुसैनिक
सातारा